काळा रुपया, लख्ख रुपया

पोलिसातल्या नोकरीतली बरीच प्रकरणं विसरलो, पण धरणगावजवळच्या खेड्यातली ती चोरी आजही जशीच्या तशी आठवते.

तिथल्या एका अक्कांच्या देवघरातून राणीछाप चांदीचे रुपये गेले. दर श्रावणात कानबाई देवीपुढे ते मांडायचे, कुंकू लावायचं आणि न धुता डब्यात ठेवायचे, ही घरची रीत. फिर्यादीला भाचा पुढे. त्याने थेट सालदाराचं, अक्कांच्या सालाने ठेवलेल्या शेतगड्याचं, नाव घेतलं. अर्धं आयुष्य त्या घरी राबलेला तो माणूस ठाण्याच्या बाकावर मान खाली घालून बसला होता. अक्का ठाम होत्या. "सायेब, मना मानूस चोर नई शे." पण गावाने निकाल देऊन टाकला होता. गावाला पुरावा लागत नाही.

मग जळगावच्या ओळखीच्या सराफाचा फोन आला. कुणीतरी राणीछाप विकायला आलं होतं. चिंचेने घासून लख्ख केलेले, खाचांत मात्र कुंकू राहिलेलं. सराफ त्याला म्हणाला, "भाऊ, चांदी तेवढीच आहे, पण शौकीन माणूस न घासलेल्या काळ्या नाण्याला कितीतरी पट देतो. याला आता नुसता चांदीचा भाव." गिऱ्हाईक चरफडत निघून गेलं. तोंडाला रुमाल होता. आमच्या खानदेशी उन्हात सगळेच दरोडेखोर दिसतात!

मी सराफाकडून दोन रुपये मागून आणले, एक काळा, एक घासलेला. टेबलावर ठेवून एकेकाला आत बोलावलं. "जास्त भाव कशाला?" सालदाराने लख्ख रुपया उचलला. अक्कांनीही तोच. सराफ भेटला नसता तर मीही तोच उचलला असता. भाच्याने मात्र काळ्यावर बोट ठेवलं.

"का रे?"

"घासला की भाव पडतो, साहेब."

"तुला कोणी शिकवलं?"

त्याने पाणी मागितलं. पुढची चौकशी सोपी होती. पंचांसमक्ष त्याच्या मोटरसायकलच्या डिकीतून मुद्देमाल निघाला.

सालदाराला मी घरी सोडलं, पण गाव त्याच्याकडे तिरकंच बघत राहिलं. आळ काढणं पोलिसाच्या हातात नसतं, हे मला तिथे कळलं.

श्रावणात अक्कांनी मला बोलावलं. त्यांच्याकडे कानबाईच्या प्रसादाचा रोट भाऊबंदांखेरीज कुणाला देत नाहीत. मलाही नुसता चहाच मिळाला. सालदार नेहमीसारखा अंगणात उभा होता. अक्कांनी त्याला सगळ्या गावादेखत पंगतीत बसवलं, ताटात रोट वाढला.

"खाय भाऊ. तू घरना शे."