सात नंबरचा छर्रा

फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालो आणि सहा महिन्यांत आखातात अल ऐन रस्त्याला लागून असलेल्या एका शेतावर रुजू झालो. नव्वदच्या दशकाचा शेवट होता. काम होतं कोत सांभाळण्याचं, म्हणजे बंदुका आणि काडतुसं ताब्यात ठेवायची. मालकाला सगळे अरबाब म्हणत. मोकळ्या वाळवंटात शिकारीला बंदी, म्हणून कुंपणाच्या आत पाळलेले तितर आणि ससे सोडायचे आणि पाहुण्यांनी ते मारायचे.

काम सोपं होतं. पाच वाजता उठायचं, साडेपाचला चारही बारा बोअर बंदुकांच्या नळ्या पुसायच्या, सहाला गाडीत चढवायच्या. घोटाळा होता तो छर्‍यांच्या नंबरांचा. फौजेत नंबर वाढला की हत्यार मोठं. एक्क्याऐंशीचा मोर्टार एक्कावन्नपेक्षा मोठा, एकशेपाचची तोफ त्याहून मोठी. छर्‍यांची गंगा उलटी. चार नंबर जाड, सात नंबर बारीक. वर अमेरिकन सहा म्हणजे इंग्लिश पाच, आणि आमच्या फळीवर दोन्हीचे खोके. हे मला आज ठाऊक आहे. तेव्हा ठाऊक नव्हतं आणि विचारायची लाज वाटली. अठरा वर्षं हत्यार वापरलेल्या माणसाने काडतुसाचा नंबर कुणाला विचारायचा?

जानेवारीत अरबाबचा हुकूम आला. उद्या ससे, जाड छर्रा काढ. मी खुशाल सातचे खोके काढले.

सकाळी ०६४० ला तीन पाहुणे रांगेत उभे राहिले. समोरून ससे उठवत येणाऱ्या हाकाऱ्यांचा म्होरक्या सखाराम होता. लांज्याकडचा, पन्नाशीचा, खजुराच्या बागेत काम करणारा. शेतावर मराठी बोलणारे आम्ही दोघेच, म्हणून भात एकत्र शिजायचा. त्याच्याकडे एक वॉकीटॉकी, माझ्याकडे दुसरा.

"सखाराम, तयार?"

"तयार, हवालदार."

"यल्ला, चल."

पहिल्या सशाला छर्रे लागले, केस उडाले, तरी तो पळाला. दुसराही पळाला. अरबाबने वळून माझ्याकडे पाहिलं. तिसरा ससा जखमी होऊन उलटा फिरला, थेट हाकाऱ्यांच्या दिशेने. एका पाहुण्याची नळी त्याच्यामागोमाग वळली. ती पाहून सखारामने पाठ फिरवली. मी "सीज फायर" ओरडलो, तोवर बार निघाला होता.

"सखाराम, रिपोर्ट."

वॉकीटॉकीत नुसती खरखर.

मी धावलो. पन्नासएक पावलांवर तो पालथा पडला होता, स्वेटरवर रक्ताचे ठिपके. मी त्याला उताणा केला. डोळे उघडे होते आणि तो शिव्या देत होता. इतक्या गोड शिव्या मी फौजेतही ऐकल्या नव्हत्या.

०८१५ ला दवाखान्यात पोचलो. मल्याळी डॉक्टरने पाठीतून नऊ छर्रे काढले, ट्रेमध्ये टाकले आणि म्हणाला, "बारीक था, इसलिए बचा. चार नंबर होता तो फेफड़े तक जाता."

बाहेर अरबाबने विचारलं, सात कुणी दिला? मी सांगितलं, मी दिला, जाड समजून दिला, चूक माझी. तो म्हणाला, "अल्हम्दुलिल्लाह. खलास." म्हणजे देवाची कृपा, विषय संपला. त्याने मला नोकरीवर ठेवलं. झापलं असतं तर निदान कळलं असतं कुठे उभा आहे.

मला अजून उलगडत नाही. चार नंबर दिला असता तर सखाराम गेला असता. पण चार नंबर दिला असता तर ससा जागीच पडला असता, उलटा फिरलाच नसता, तो बारही निघाला नसता. सखारामला असल्या हिशेबाशी देणंघेणं नव्हतं. "हवालदारामुळे वाचलो," असं तो बागेतल्या प्रत्येकाला सांगायचा आणि मी तिथून उठून जायचो.

त्याला उताणा करताना मला लान्सनायक दत्ताराम आठवला होता, हे मी कुणाला बोललो नाही. सीमेवरच्या एका चौकीत तो माझ्या सेक्शनमध्ये एलएमजीवर, म्हणजे हलक्या मशीनगनवर होता. तिथल्या शेवटच्या सकाळी त्याच्या मॅगझिन मी स्वतः भरल्या, हत्यार स्वतः तपासलं, त्याची जागा दोनदा पाहिली. गोळी लागल्यावर त्यालाही मीच उताणा केला होता. डोळे उघडे होते, पण शिवी आली नाही.

दत्ताराम गेला, त्या दिवशी माझ्या हातून एकही चूक झाली नव्हती.