बटण काचेच्या बाहेर

"ते टेबलावर नको. तिकडं चपलांपाशी ठेव."

सर म्हणाले. ते म्हणजे आईचा फोन. काच तडकलेली, मागचं झाकण रबरानं आवळलेलं. घरात तेवढाच फोन. धाराशिवच्या त्या ऑफिसात माझं काम एकच, वेबसाइट लहानमोठ्या स्क्रीनवर नीट दिसते का बघायचं. टेबलावर कंपनीचे फोन मांडलेले. सगळे मोठ्या काचेचे. आमच्या वस्तीत तसला एकाकडंबी न्हाय. म्हणून गावाकडनं, तेरहून येताना आईचा घेऊन आले.

सरांनी तो दोन बोटांनी उचलून माझ्या हातात दिला आणि रुमाल काढला. फोन न्हाय पुसला. हात पुसला. गावात शेतमालकाच्या घरी आईची कपबशी गोठ्यात वेगळी ठेवलेली असायची. मला वाटायचं, ऑफिसात तसलं काही नसतं. कसलं काय.

चपलांपाशी उकिडवी बसून मी तपासलं. मुलींच्या वसतिगृहाची वेबसाइट होती. बारक्या काचेवर पान उजवीकडं कापलेलं. 'अर्ज पाठवा' हे बटण काचेच्या बाहेर. बोटानं सरकवलं तरी येईना.

"सर, ह्या फोनवरनं अर्जच जाणार नाही."

"तसल्या फोनवर कोण उघडतंय? तुमचीच माणसं." सगळे हसले. मग सर म्हणाले, "दुरुस्त करून घेतो. तू जा."

मी विश्वास ठेवला. एवढी शिकलेली माणसं, कशाला खोटं बोलतील?

धाकट्या बहिणीची बारावी झालेली. तिला धाराशिवला राहून नर्सिंग करायचं होतं. तिनं घरी त्याच फोनवर त्या वसतिगृहाचा अर्ज भरला. पान संपलं, तिला वाटलं गेला. "अक्का, भरला म्या," म्हणाली. बटण असतं हेच तिला ठाऊक न्हाय, तर ते दिसत न्हाय हे कसं कळावं?

निवड झालेल्या मुलींची नावं लागली. तिचं नव्हतं. मी आईच्या फोनवर पान उघडलं. जसं होतं तसंच. कुणी हातबी लावला नव्हता.

बहीण रडली न्हाय. भरून ठेवलेली पेटी तिनं रिकामी केली, कपडे परत दोरीवर टाकले. आता ती आईसंगं दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते. रडले ती मी. संतापानं रडले.

मग सरांनी दुसरी वेबसाइट दिली, दवाखान्याची. मी पिशवीतनं आईचा फोन काढला आणि टेबलावर ठेवला. त्यांच्या फोनांच्या मधोमध. नंबर लावायचं बटण पुन्हा काचेच्या बाहेर.

"तपासणीत 'ठीक आहे' लिही आणि दे," सर म्हणाले.

"न्हाय लिहिणार."

त्या ऑफिसात घरची बोली मी पहिल्यांदा बोलले.

"मग उद्यापासून येऊ नको."

न्हाय गेले. 'ठीक आहे' दुसऱ्या कुणीतरी लिहिलं. दवाखान्याची वेबसाइट तशीच चालू झाली. बहिणीचं वसतिगृह गेलं ते गेलंच. पुढं काही चांगलं होईल, असं मला वाटत न्हाय. दुसरं ऑफिस बघतेय, तिथंबी चपलांकडंच बोट दाखवतील. दाखवू द्या. काढून टाकलं तर पुढचं ऑफिस. आईचा फोन मी खाली ठेवणार न्हाय.