चष्म्यात पास झालेला डॉक्टर

मित्रहो, सकाळपासून डोकं तापलेलं आहे, म्हणून लिहून राह्यलो.

परवा आमची म्हैस अडली. पारडाची मान पोटातच मागे वळलेली होती. नवा डॉक्टर आला अन् मान सरळ न करताच पाय ओढत बसला. पारडू मेलं.

आज तो म्हशीले तपासायला आला. म्हैस पान्हा सोडत नव्हती, म्हणून मायनं त्याच पारडाच्या कातड्यात कुटार-भुसा भरून ते तिच्यापुढं उभं केलं होतं.

डॉक्टर हसला. "जनावराला असं फसवता?"

मी इचारलं, "साहेब, याच्याआधी अडलेल्या किती म्हशी मोकळ्या केल्या तुम्ही?"

"कॉलेजात व्हीआरचा, म्हणजे हुबेहूब म्हैस दाखवणारा, चष्मा लावून भरपूर केल्या. त्यात मी पहिला आलो होतो."

"अन् हात कुठं घालत होते?"

"हातात रिमोट असतो."

तेवढ्यात म्हशीनं कुटाराचं पारडू हुंगलं अन् तोंड फिरवलं. दुधाचा थेंब दिला नाही.

आमच्या म्हशीले एकदा हुंगूनच खोटं समजलं. मंग याले पास करणारे एवढे शिकलेले लोक कसे फसले, सांगेल काय कोणी?