बाबांनी मागितलेली तपासणी

काल लॅबमध्ये एका लहान मुलीचं रक्त काढत होते आणि तिचे वडील तिच्या हातावर फुंकर घालत होते. मी नजर वळवली.

मी नऊ वर्षांची असताना माझंही असंच रक्त काढलं होतं. आईने पोटगीचा दावा लावला, तेव्हा बाबांनी कोर्टात लिहून दिलं की मुलगी माझी नाही, तपासणी करा. सुनावणी सुरू होण्याआधीच कोर्टाने तिघांच्या डीएनए तपासणीचा हुकूम दिला. सुई टोचली तेव्हा मी सवयीने बाबांचा हात धरायला गेले. त्यांनी तो खिशात घातला.

काही आठवड्यांनी अहवाल आला. मी त्यांचीच होते. कोर्टाच्या व्हरांड्यात बाबा हसत आले आणि मला म्हणाले, "मला खात्री होतीच गं. वकिलांनीच तसं लिहायला सांगितलं होतं."

आई एवढंच म्हणाली, "आणि तुम्ही लिहिलंत."

रक्त कोणाचं ते अहवालात कळतं. हात का काढून घेतला, त्याला तिथे रकाना नसतो. आज चाळिशीतही मी मनात त्यांना बाबाच म्हणते. पण त्या दिवसानंतर तशी हाक मारणं मला कधी जमलं नाही.