स्तुतीत दडवलेला प्रश्न

१९ सप्टेंबर २०२५, सकाळी अकरा वाजून सात मिनिटे. बिबवेवाडीतल्या आमच्या घरी बाबा वर कोट आणि खाली घरचा लेंगा अशा वेशात लॅपटॉपसमोर बसले होते. त्यांनी पैसे गुंतवलेल्या कंपनीची वार्षिक सभा ऑनलाइन सुरू झाली होती आणि बोलणाऱ्या भागधारकांत त्यांचा क्रमांक नववा होता. मी कॅमेऱ्याच्या टप्प्याबाहेर स्टॉपवॉच घेऊन बसले होते.

कंपनी मोटारींचे सुटे भाग बनवते. मे महिन्यात अध्यक्षांनी भागधारकांना पत्र पाठवले: मागणीची चिंता नसावी. बाबांनी त्या ओळीखाली पट्टीने रेघ मारली (ते निवृत्त ड्राफ्ट्समन आहेत, मोकळ्या हाताने रेघ मारणे त्यांना असभ्य वाटते) आणि आणखी शेअर घेतले. ऑगस्टमध्ये कंपनीने जाहीर केले की सर्वांत मोठा ग्राहक सोडून गेला आहे. तीन दिवसांत भाव निम्म्यावर आला. पत्र फ्रेम करून आणायचे का, असे आईने अत्यंत गांभीर्याने विचारले.

बाबांना पैशांपेक्षा वेगळेच काही खुपत होते. "माझं आकलन चुकलं, की मला सांगितलंच नाही, एवढं कळू दे," ते म्हणाले. "चुकलं असेल, तर शेअरच्या खात्याचा पासवर्ड तुझ्याकडे. मी यात परत पडणार नाही." त्याच आठवड्यात त्यांनी विजेचे बिलही मला दोनदा तपासायला लावले, तेव्हा प्रकरण शेअरपुरते उरलेले नाही हे माझ्या लक्षात आले.

म्हणजे प्रश्न एकच होता: ग्राहक जाणार हे व्यवस्थापनाला केव्हा कळले? दोन ई-मेलना 'आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे' असे उत्तर आले. उरली सभा.

मी प्रयोगशाळेत काम करते. आधीची निरीक्षणे पाहिल्याशिवाय कशालाही हात घालत नाही. कंपनीच्या संकेतस्थळावरचे गेल्या वर्षीच्या सभेचे चित्रण मी घड्याळ लावून पाहिले. प्रत्येकाला तीन मिनिटे असा नियम होता. प्रश्न विचारणाऱ्यांचा आवाज तीन मिनिटांवर बंद होई. एका गृहस्थांचा तर 'घसारा' या शब्दातल्या 'घसा'वरच झाला. अध्यक्षांना दूरदृष्टीचा हिमालय म्हणणारे सद्गृहस्थ मात्र सव्वासहा मिनिटे बोलले. दुसरे निरीक्षण अधिक मोलाचे होते. प्रश्नांची उत्तरे अध्यक्ष शेवटी, कंपनी सचिवांनी सरकवलेल्या कागदावरून वाचत. स्तुतीला ते लगेच आणि स्वतःच्या शब्दांत उत्तर देत.

निष्कर्ष उघड होता. मी भाषण लिहिले.

"खोटी स्तुती करणार नाही," बाबांनी बजावले. मग आम्ही दोन संध्याकाळी बसून केवळ सिद्ध करता येईल अशी स्तुती जमवली. अहवालाचा कागद उत्तम आहे. अहवाल वेळेवर आला. अध्यक्षांचे उच्चार स्पष्ट आहेत. छायाचित्रांत सर्व संचालक प्रसन्न दिसतात. शेवटच्या वाक्यासाठी बाबांनी भिंग आणले आणि एक संचालक प्रसन्न नसल्याचे दाखवून दिले. 'बहुतेक सर्व' अशी दुरुस्ती झाली.

सभेत पहिल्या आठांपैकी पाच जण भावावरून तावातावाने बोलले आणि पाचही जण अर्ध्या वाक्यात गप्प केले गेले. मग बाबा. कागद, वेळ, उच्चार, प्रसन्नता. तीन मिनिटे उलटली, आवाज चालूच. अध्यक्ष खुर्चीत रेलून हसत होते.

तीन मिनिटे चाळीस सेकंदांवर बाबांनी आवाज किंचित खाली आणला. "साहेब, इतका मोठा ग्राहक जात होता, पण मे महिन्यातल्या आपल्या पत्रात काळजीचा लवलेश नाही. एवढं मोठं ओझं आपण एकट्याने किती दिवस वाहिलंत?"

अध्यक्ष खरोखरच हेलावले. "काका, आजवर हे मला कुणी विचारलं नव्हतं," ते म्हणाले. "फेब्रुवारीपासून. पण बाहेर कुणाला कळू दिलं नाही."

शेजारी बसलेल्या सचिवांचा पाण्याचा पेला ओठांशी पोचता पोचता थांबला.

"आभारी आहे," बाबा म्हणाले. "माझं एवढंच होतं."

त्यांनी मे महिन्याचे ते पत्र पुढे ओढले, रेघ मारलेल्या ओळीच्या समासात सुवाच्य अक्षरांत 'फेब्रुवारी' लिहिले आणि त्याखालीही पट्टीने रेघ मारली.

"पासवर्ड माझ्याकडेच राहील," त्यांनी मला सांगितले.

"अहो, आता फ्रेम करायला हरकत नाही," आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

पडद्यावर अजून कोणीही बोलत नव्हते. शेवटी सचिवांनी घसा साफ करून पुढच्या वक्त्याला बोलावले, तेव्हा मी स्टॉपवॉच थांबवले आणि वहीत त्या शांततेची नोंद केली: एकोणीस सेकंद.