आईच्या वहीचं शेवटचं पान
डांबरगोळ्यांचा वास आला की मला हॅम्बर्गमधला तो ढगाळ रविवार आठवतो. मुलगी आठवीत होती आणि इतिहासाच्या बाईंनी घरातल्या एखाद्या घटनेवर लिहायला सांगितलं होतं. तिने माझ्या आईचा मृत्यू निवडला, मुलीच्या जन्माआधी जेमतेम महिनाभर झालेला. मी नेहमीसारखं सांगितलं, "आजी झोपेत गेली, काही त्रास झाला नाही." "तू तिथे होतीस?" तिने जर्मनमध्ये विचारलं. "नाही गं, मामाने फोनवर सांगितलं." "आल्झो, म्हणजे हे दुय्यम साधन झालं, ऐकीव. आजीने स्वतः लिहिलेलं काही नाही का?" होतं. भावाने आईची वही तिच्याच साडीत गुंडाळून, डांबरगोळ्या घालून पाठवली होती, पण ती उघडायचा मला कधी धीर झाला नव्हता. मुलीला देवनागरी येत नव्हती, म्हणून शेवटचं पान मीच वाचायला घेतलं. अक्षर थरथरलेलं होतं. "श्वास पुरत नाही. तिला बोलाव म्हटलं, तर हा म्हणतो, तिचे दिवस भरत आलेत, कळवायचं नाही." 'हा' म्हणजे माझा भाऊ. जिच्यासाठी मला कळवलं नव्हतं, तीच समोर पेन घेऊन बसली होती. "काय लिहिलंय, ममा?" "आज बरं वाटतंय, असं लिहिलंय," मी म्हणाले. तिने ते जर्मनमध्ये उतरवलं आणि वर ठळक अक्षरांत 'प्राथमिक साधन' असं लिहिलं. आता ती कोलोनला इतिहास शिकते. परवा तिचा फोन आला. देवनागरी शिकतेय म्हणाली, आणि सरावासाठी आजीची वही मागितली.