सुनेच्या डब्यातली पपई

मंडळी, आज माझ्या हातून चूक झाली.

माझी सून कॉलेजात बुरशी शिकवते. सकाळी तिच्या डब्यात डागाळलेली पपई दिसली. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरावेळी कर्फ्यूत अन्नाची टंचाई होती, तेव्हापासून काही वाया न घालवायची सवय. डाग कापला आणि शाळेतली कविता गुणगुणत उरलेल्या फोडी चार वर्षांच्या नातीला भरवल्या.

ते पाहून सून पांढरीफटक पडली. "मामा, बुरशी ओळखायला मुद्दाम सडवत ठेवली होती ती. काही बुरशींचं विष गरात उतरतं."

तिनं सूक्ष्मदर्शक काढून मी कापलेला डाग त्याखाली धरला. मी नातीचं पोट चाचपत बसलो. सकाळच्या त्या कवितेची एक ओळ आठवेना.

"तांदळासारखे बीजाणू. करपा रोगाची बुरशी आहे, माणसाला सहसा बाधत नाही. तरी डॉक्टरांना विचारते."

मग तिनं डागाला लागून कापला गेलेला, चांगला दिसणारा गर दाखवला. त्यातही बुरशीचे धागे पसरलेले.

नात खेळतेय. माझी नजर तिच्यावरून हटत नाही. तुम्हीही डाग कापून उरलेलं लेकरांना देता का?